पाचांपैकी पाच

गुरुवारी सकाळी साडेनऊ ते दुपारी दोन या वेळात सरांनी फोनवरून दोन व्यक्तींची ओळख तपासली. दोघांनाही तेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने विचारले. ज्या बाईबरोबर ते एकतीस वर्षे संसार करत होते, तिला पाचांपैकी एक गुण मिळाला. ज्या माणसाला त्यांनी जन्मात पाहिले नव्हते, त्याला पाचांपैकी पाच.

सर म्हणजे पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. चौतीस वर्षे त्यांनी प्रयोगशाळेत तोंडी परीक्षा घेतल्या होत्या, आणि त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसून घाम न फुटलेला विद्यार्थी कुणाच्या ऐकिवात नव्हता. निवृत्तीनंतरही त्यांना सगळे सरच म्हणत. त्यांचे साडूसुद्धा म्हणत, पण ते विमा विकत असल्यामुळे कुणालाही काहीही म्हणत.

सरांची बायको दूरध्वनी केंद्रातून निवृत्त झाली होती. तिथल्या जुन्या मैत्रिणींबरोबर ती पंधरा दिवसांसाठी परदेशी सहलीला निघाली, आणि निघण्याच्या तीन आठवडे आधी सरांनी परदेशी प्रवाशांच्या फसवणुकीचा अभ्यास हाती घेतला. त्यांनी कात्रणांची एक फाइल केली. तिच्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की या प्रकारात प्रवासी सहसा फसत नाही. फसतो तो घरी बसलेला माणूस. फोन येतो, तुमचे माणूस रुग्णालयात आहे, नाही तर पोलीस चौकीत आहे, असे सांगितले जाते. घरच्याला तिकडचे काही दिसत नसते, आणि तो मागितले ते देऊन मोकळा होतो. निष्कर्ष अगदी बरोबर होता. सरांचे निष्कर्ष बहुधा बरोबरच असत.

"म्हणजे मी फोन केला, तर तुम्हाला माझा आवाज ओळखू येणार नाही?" बायकोने बॅग भरता भरता विचारले.

"आवाजाची नक्कल आता यंत्र करतं. आवाज हा पुरावा राहिलेला नाही."

"आणि माझं बोलणं?"

"तेही करतं."

"मग त्यालाच बसवा समोर जेवायला. मी चार दिवस जास्त राहून येते."

सरांनी तिच्या हातात एक कागद ठेवला. त्यावर पाच प्रश्न टंकलिखित होते. जेवणाच्या टेबलाची लांबी. लग्नानंतर राहिलो त्या पहिल्या खोलीच्या जिन्याच्या पायऱ्या. आपण दोघे पहिल्यांदा भेटलो ती तारीख. सरांचा रक्तगट. मुलीचे जन्माच्या वेळचे वजन. यांतले एकही उत्तर इंटरनेटवर सापडणार नाही, याची त्यांनी दोन संध्याकाळी घालवून खात्री केली होती. उत्तरे मात्र कागदावर नव्हती. प्रश्न आणि उत्तरे एकाच कागदावर ठेवणे त्यांना परीक्षेचा अपमान वाटे. ती त्यांनी टेबलाशी बसून तिला एकदा तोंडी सांगितली आणि पाठ करायला सांगितले. उत्तरांची एकमेव प्रत त्यांच्या कपाटात कुलूपबंद होती आणि किल्ली त्यांच्या खिशात.

बायकोने कागद वाचला. "हे माझ्याबद्दल आहे का फर्निचरबद्दल?"

"परीक्षेत वस्तुनिष्ठ प्रश्नच असावेत."

ती हसली, कागदाची घडी घातली आणि सोमवारी विमानात बसली. साडूंनी तिला विमानतळावर सोडले, फोटो काढला, आणि 'मेहुणीबाई निघाल्या पंधरा दिवसांच्या दौऱ्यावर' अशा ओळीसह तो जगजाहीर केला. सरांनी त्यांना फोन करून झापले. "आपण वर्तमानपत्रात छापून आणूया का, घरी नवरा एकटाच आहे म्हणून?" साडू म्हणाले, "छापूया की, सर. त्यासोबत गृहविम्याची माहितीही देऊ."

सरांची भीती खरी ठरली. शनिवारी पहिला फोन आला. सोमवारी दुसरा. बुधवारी तिसरा. तिन्ही वेळा एक माणूस परदेशातल्या कुठल्यातरी मदत कक्षातून बोलत असल्याचे सांगे, आपल्या पत्नी माझ्यासमोरच आहेत पण त्यांना बोलता येत नाही, म्हणे, आणि सर प्रश्न विचारू लागत. तिन्ही वेळा तो नापास झाला. प्रत्येक फोनची नोंद सरांनी निरीक्षण वहीत केली होती: तारीख, वेळ, गुण, शेरा. शेऱ्यात तिन्ही वेळा 'पुरुष, मध्यम वय, सर्दी' असे लिहिलेले होते. सर प्रत्येक फोन स्वतंत्र निरीक्षण मानत. आधीच्या निरीक्षणाची छाया पुढच्यावर पडू देणे हे त्यांच्या लेखी अशास्त्रीय होते.

याशिवाय प्रत्येक संभाषण फोनवर आपोआप ध्वनिमुद्रित होत असे. ती ध्वनिमुद्रणे सरांनी क्रमांक घालून व्यवस्थित ठेवली होती. ती ऐकण्याची त्यांना गरज वाटली नव्हती, कारण संभाषणाच्या वेळी ते स्वतः हजर होते.

गुरुवारी सकाळी साडेनऊला अनोळखी परदेशी क्रमांकावरून फोन आला.

"अहो, मी बोलतेय. घाबरू नका, मी ठीक आहे. ट्रामच्या थांब्यावर पर्स गेली. फोन, पासपोर्ट, सगळं. हॉटेलच्या काउंटरवरून बोलतेय. नीट ऐका. पासपोर्टची प्रत लाल फायलीत आहे. ती आज आपल्या घड्याळाच्या चारपर्यंत मिळाली, तर वकिलातीतून उद्या परतीचा कागद मिळेल. नाही तर पुढे त्यांच्या सुट्ट्या आहेत. बाकीच्या सगळ्या जणी रविवारी परत निघतील आणि मी इथं एकटी राहीन. हॉटेलचा ईमेल पत्ता लिहून घ्या, त्याच्यावर पाठवा."

सरांनी पेन उचलले. पत्त्याऐवजी त्यांनी वहीत तारीख आणि वेळ लिहिली.

"प्रश्न पहिला. जेवणाच्या टेबलाची लांबी."

"अहो, माझ्यामागं रांग आहे."

"लांबी."

"सहा माणसं बसतात. सातवं बसवलं की तुमची चिडचिड होते."

"सेंटिमीटरमध्ये."

"मोजपट्टी पर्समध्येच होती. गेली."

"एकशे अडुसष्ट. दुसरा. जिन्याच्या पायऱ्या."

"कोण मोजत बसलंय? खालून चौथी हलायची, एवढं आठवतं."

"बावीस. तिसरा. पहिली भेट, तारीख."

"सोळा."

"सतरा."

"सोळा. मंगळवार होता, माझी सकाळची पाळी होती."

"सतरा. मी नोंद केलेली आहे."

"नोंद तुम्ही दुसऱ्या दिवशी केलीत."

सरांनी फुली मारली. रक्तगटाचे उत्तर बरोबर आले. तिने ते अशा घाईने फेकले, की जणू रुग्णालयाचा अर्ज चौथ्यांदा भरत होती. मुलीच्या वजनाला ती म्हणाली, "तीन किलोला जरा कमी. मी बाळंत होत होते, काटा तुमच्याकडे होता."

"दोन किलो नऊशे चाळीस," सर म्हणाले. "पाचांपैकी एक. क्षमस्व." आणि त्यांनी फोन ठेवला. वहीत शेरा लिहिला: 'स्त्री. आवाजाची नक्कल उत्कृष्ट. चिडणे हुबेहूब. माहिती अपुरी.'

तरीही त्यांना करमेना. त्यांनी बायकोच्या नेहमीच्या क्रमांकावर फोन लावून पाहिला. तो बंद होता. फोन बंद असण्याची अनेक कारणे असू शकतात, हे त्यांना माहीत होते, पण त्यांतली जी कारणे त्यांना सुचत होती, ती सगळी वाईट होती. चहा केला आणि तो ओट्यावरच राहिला. अकरा वाजता त्यांनी लाल फाइल काढून टेबलावर ठेवली. बारा वाजता ती पुन्हा कपाटात ठेवली.

दोनला दहा मिनिटे कमी असताना फोन वाजला. पुरुष, मध्यम वय, सर्दी. तो रुग्णालयाच्या मदत कक्षातून बोलत होता. आपल्या पत्नीला ट्रामचा धक्का लागला, जबडा बांधला आहे, बोलता येत नाही, त्या लिहून दाखवतात आणि मी वाचून सांगतो.

सरांच्या हातून पेन सुटले, पण पद्धत सुटली नाही. त्यांनी पाचही प्रश्न विचारले.

एकशे अडुसष्ट सेंटिमीटर. बावीस. सतरा तारीख. बी निगेटिव्ह. दोन किलो नऊशे चाळीस ग्रॅम.

सर खुर्चीत बसले. पासपोर्टची प्रत, बँकेच्या कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, आणि फोनवर जो आकडा येईल तो लगेच वाचून दाखवायचा, असे त्या माणसाने मागितले. पाऊण तासात पाठवतो, असे सरांनी सांगितले. लाल फाइल पुन्हा टेबलावर आली. स्कॅनर जुना होता आणि तीन वाजून गेले तरी सुरू होईना. शेवटी झोपेतून उठल्यासारखा कुरकुरत तो तापायला लागला.

तेवढ्यात मुलगी आली. ती दंतवैद्य होती आणि दवाखान्यातला पांढरा कोट तिने अजून काढलेला नव्हता.

"बाबा, आईला नापास केलंत?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आईनं. सकाळपासून माझ्या दवाखान्याचा नंबर शोधत होती हॉटेलवाल्याच्या संगणकावर. मी नुसतं हॅलो म्हटलं, तर म्हणाली, तो माणूस मला टेबलाची लांबी विचारतोय."

"ती तोतया होती. तुझी आई रुग्णालयात आहे. आत्ताच तिची ओळख पटली. पाचांपैकी पाच." त्यांनी सगळे सांगितले. मुलीने ऐकता ऐकता बँकेचे कार्ड टेबलावरून उचलले आणि कोटाच्या खिशात टाकले.

"जबडा बांधलेली बाई लिहून दाखवतेय ना? मग त्या लिहिलेल्या कागदाचा फोटो का नाही पाठवत तो? आईचं अक्षर तुम्ही लाखात ओळखाल."

हा मुद्दा त्यांना सुचायला हवा होता, आणि तो सुचला नव्हता हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. "पण पाचांपैकी पाच," ते म्हणाले. "ही उत्तरं बाहेर कुणालाही माहीत नाहीत. आणि तुझी आई म्हणवणारीला एकच आलं. पुरावा कुठल्या बाजूला झुकतो?"

"ती इतकी वैतागली होती, की दुसरं कुणी असूच शकत नाही."

"वैताग हा पुरावा नाही."

"बरं. मग तिलाच विचारा. ती लाइनवर आहे." मुलीने आपला फोन टेबलावर ठेवला. त्यावर एकवीस मिनिटे झाल्याचा आकडा दिसत होता. साडेतीनला नऊ मिनिटे कमी होती.

सर फोनजवळ वाकले. "प्रश्न पहिला—"

"थांबा," पलीकडून बायको म्हणाली. "आता मी विचारते. त्या जिन्याची खालून चौथी पायरी. तिच्यावर काय झालं होतं?"

"जिन्याला बावीस पायऱ्या होत्या."

"मी चौथ्या पायरीवर काय झालं ते विचारलं."

सर आठवू लागले. त्यांना पायऱ्यांची संख्या, उंची आणि जिन्याचा कोन आठवत होता. "मला माहीत नाही," ते शेवटी म्हणाले. चौतीस वर्षांत त्यांना हे वाक्य दुसऱ्यांकडून ऐकायची सवय होती.

"झालं. ओळख पटली, तुम्हीच आहात," ती म्हणाली. "आपण राहायला आलो त्या दिवशी तुम्ही आरसा वर नेत होतात. चौथी पायरी हलली, तुम्ही पडलात, आरसा फुटला. आणि घरमालकांना सांगितलंत, वाऱ्यानं पडला."

मुलगी बाबांकडे पाहू लागली.

"त्या दिवशी वारा नव्हता," बायको पुढे म्हणाली. "पान हलत नव्हतं. ते हवेचा दाब वगैरे समजावून सांगत होतात तुम्ही त्यांना, आणि मी मागं तुकडे गोळा करत होते."

सरांचे कान लाल झाले. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. ती कुठल्याही कागदावर नव्हती, कपाटात नव्हती आणि प्रश्नपत्रिकेत तर नव्हतीच. म्हणजे ती फुटण्याचा संभवच नव्हता. ती जगात दोनच माणसांना ठाऊक होती, आणि त्यांतला एक ती आत्तापर्यंत विसरून गेला होता. पुरावा निर्विवाद होता.

"हॉटेलचा पत्ता सांग," ते म्हणाले.

प्रत चारला सतरा मिनिटे कमी असताना गेली. मिळाली, असा निरोप पाच मिनिटांत आला, आणि त्यानंतर पाऊण तासाने वकिलातीतून बाहेर पडल्यावर बायकोने मैत्रिणीच्या फोनवरून कळवले, की कागद उद्या अकराला हातात पडेल. मदत कक्षातल्या माणसाचा फोन दोनदा येऊन गेला. मुलीने तो उचलू दिला नाही. बँकेला मात्र तिने स्वतः फोन करून खबरदारी घ्यायला सांगितले.

खरे म्हणजे प्रश्न इथे संपायला हवा होता. पण सरांचा संपला नव्हता. उत्तरे फुटली होती, आणि कुठून फुटली ते कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागणार नव्हता.

"साडू," ते म्हणाले. "सुरुवातच त्यांनी केली. तो फोटो."

"फोटोवरून आई परदेशी गेली एवढंच कळलं असेल. काकांना आपल्या टेबलाची लांबी माहीत आहे?"

सरांनी विचार केला. "त्यांना त्यांच्या टेबलाची माहीत नसेल."

"मग?"

"धुणंभांडी करायला बाई येतात."

"बाबा, त्यांना तुमचा रक्तगट काय करायचाय?"

बोलता बोलता मुलीने स्वयंपाकघरातला खण उघडला, आणि तिला रबरबँड आणि जुन्या बिलांच्या खाली तो टंकलिखित कागद सापडला. आई तो बरोबर घेऊन गेलीच नव्हती. कागदाच्या पाठीवर तिच्या अक्षरात 'चष्मा, गोळ्या, लोकरीचे मोजे, साखळीचे कुलूप' अशी यादी होती आणि कुलूप सोडून सगळ्यावर बरोबरची खूण.

"बघ," सर उठून उभे राहिले. "गोपनीय कागद उघड्या खणात. हिच्या निष्काळजीपणामुळं—"

"यात नुसते प्रश्न आहेत."

सर पुन्हा बसले.

"उत्तरं कुठे आहेत?"

"माझ्या कपाटात. किल्ली माझ्याकडे." त्यांनी खिशातून किल्ली काढून दाखवली, आणि तसे करताना आपण आपलेच नाव संशयितांच्या यादीत घालत आहोत, हे त्यांच्या लक्षात आले नाही. मुलीच्या आले. तिने निरीक्षण वही पुढे ओढली.

शनिवार, दोन प्रश्न, शून्य गुण, फोन तोडला. सोमवार, चार प्रश्न, दोन गुण. बुधवार, पाच प्रश्न, चार गुण. गुरुवार, पाच प्रश्न, पाच गुण.

"बाबा, तुमच्या वर्गात असा आलेख असलेला विद्यार्थी आला असता, तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

"शिकवणी लावली आहे असं म्हटलं असतं," सर म्हणाले, आणि त्यांनी वहीतले चारही आकडे पुन्हा वाचले.

"ध्वनिमुद्रणं लावा."

त्यांनी पहिले लावले. खोलीत त्यांचाच आवाज घुमला. स्वच्छ, ठणठणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"टेबलाची लांबी?"

"दीड मीटर असेल, साहेब, त्या शुद्धीवर नाहीत नीट," सर्दी झालेला आवाज म्हणाला.

"चूक. एकशे अडुसष्ट सेंटिमीटर. जिन्याच्या पायऱ्या?"

"पंधरा?"

"बावीस. अंदाजानं उत्तर देऊ नये. येत नसेल तर येत नाही म्हणावं." आणि फोन तुटल्याचा आवाज.

दुसऱ्या ध्वनिमुद्रणात पहिली दोन उत्तरे बिनचूक आली. तारीख त्याने पाच सांगितली. "सतरा," सरांचा आवाज म्हणाला. रक्तगट चुकला. "बी निगेटिव्ह. वरवर वाचून चालत नाही. नीट तयारी करून फोन करा."

"हो, सर," तो माणूस म्हणाला. तोवर त्यालाही ते सर झाले होते.

तिसऱ्यात फक्त वजन चुकले. "दोन किलो नऊशे चाळीस. एका गुणासाठी गेलात. पण प्रगती चांगली आहे."

चौथे ध्वनिमुद्रण लावण्याची गरज नव्हती. मुलीने तरीही ते लावले. पाचवे उत्तर झाल्यावर तिच्या वडिलांचा आवाज, जबडा मोडलेल्या बायकोची बातमी ऐकून थरथरत असतानासुद्धा, सवयीने म्हणाला, "शाबास."

मुलीने फोन बंद केला. ती हसली नाही. हसू आवरायला तिने खिडकीबाहेर पाहिले. सर बराच वेळ टेबलाच्या कडेवर बोट फिरवत बसले होते. मग त्यांनी विचारले, "हे आईला सांगणार आहेस?"

"तुम्ही सांगा. नाही तर पुन्हा वारा सुटायचा."

सरांनी निरीक्षण वही जवळ घेतली, नवे पान काढले आणि पट्टीने समास आखला. त्यांचे अक्षर नेहमीसारखेच सुवाच्य होते.

'निरीक्षण: अपरिचित व्यक्तीस पाचही उत्तरे अवगत. साडू, कामाच्या बाई, खणातील कागद: संबंध आढळला नाही. कारण: परीक्षकाने प्रत्येक चुकीच्या उत्तरानंतर बरोबर उत्तर स्वतः सांगितले. तसे करताना त्यास ते कळले नाही, कारण तो चौतीस वर्षे तेच करत होता.'